‘पळून गेली’ असा शेरा : होबार्टच्या बायकांच्या तुरुंगात घालवलेला एक दिवस

(महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनानिमित्त होबार्टमध्ये जमलेल्या मराठी कामगार मंडळींसमोर केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



आज सुट्टीचा दिवस नाही, तरी तुम्ही आलात. कुणी रात्रपाळी करून आलंय, कुणी संध्याकाळच्या पाळीला जाणार आहे. म्हणून मी फार वेळ घेणार नाही. मी काही वक्ता नाही. मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. इथे एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करते. चादरी, टॉवेल, रुग्णांचे कपडे, दिवसभर हेच. त्याआधी तीन वर्षं आखातात एका घरात कामाला होते. ते इथे बऱ्याच जणांना माहीत नाही. आज सांगणार आहे.

पण आधी एका जागेबद्दल. आपण बसलोय तिथून ती लांब नाही. तुमच्यापैकी बरेच जण तिच्यावरून रोज बसने जात असतील. साउथ होबार्टमध्ये, डोंगराच्या पायथ्याला, ओढ्याच्या काठी दगडी भिंतींचं एक आवार आहे. त्याला ‘कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी’ म्हणतात. पाटी वाचून मला आधी वाटलं, बायका काम करायच्या अशी जुनी गिरणी असेल. आपल्याकडे परळ-लालबागला होत्या तशी. एका रविवारी मैत्रीण म्हणाली, चल बघून येऊ. गेलो. दीड-दोन तासांत परत यायचं ठरलं होतं, संध्याकाळपर्यंत तिथून पाय निघाला नाही.

ती गिरणी नव्हती. तुरुंग होता. फक्त बायकांचा.

आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. सेल्युलर जेल, कोलू, दंडाबेडी. पण १८५८ साली इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू केली, त्याच्या कितीतरी आधीपासून ते आपल्याच देशातल्या गरिबांना समुद्रापार टाकत होते. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधून एक लाख साठ हजारांच्या वर कैदी ऑस्ट्रेलियात आणले. त्यात साधारण पंचवीस हजार बायका होत्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास या टास्मानिया बेटावर आल्या. तेव्हा याचं नाव व्हॅन डीमन्स लँड होतं. आणि ही जमीन काही रिकामी नव्हती. होबार्टचा हा भाग मुविनिना लोकांचा. त्यांना हुसकावून त्यांच्या जागेवर हे सगळं उभं राहिलं, हे आधी सांगितलंच पाहिजे.

या बायकांनी केलं काय होतं? बहुतेकींनी चोरी. तीही मोठी नाही. कापडाचा तागा, शाल, चमचे, मालकिणीचे कपडे. कितीतरी जणी तिकडे घरकाम करणाऱ्याच होत्या, आणि मालकाच्या घरातली वस्तू उचलली म्हणून पकडल्या गेल्या. शिक्षा सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मभर. शिक्षा सात वर्षांची असली तरी सात वर्षांनी परत जायची सोय सरकार करत नव्हतं. जहाजाचं भाडं कुठून आणणार? म्हणजे जी गेली ती बहुतेक कायमचीच गेली. चार महिने जहाजात, आणि मागे राहिलेली आई, पोरं पुन्हा दिसायची नाहीत.

आता ती फॅक्टरी कशी चालायची ते सांगते. कारण ते समजल्याशिवाय मला जे सांगायचंय ते समजणार नाही.

१८२० च्या दशकात इथला गव्हर्नर होता जॉर्ज आर्थर. बायकांना ठेवायला सरकारने शहराबाहेरची एक दारूची भट्टी विकत घेतली आणि १८२८ साली तिथे ही फॅक्टरी सुरू केली. जागा पहिल्यापासूनच वाईट. डोंगराच्या सावलीत, ओढ्याला लागून, कायम ओल. हिवाळ्यात तिथे ऊन फार थोडा वेळ येतं. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे तीनसुद्धा वाजले नव्हते आणि भिंतीच्या आत सावली पडली होती. मैत्रिणीने स्वेटरवर जॅकेट चढवलं. मी मनात म्हटलं, इथे ओल्या हातांनी धुणं धुवायचं.

कारण काम तेच होतं. धुणं. इस्पितळाचं, अनाथाश्रमाचं, गावातल्या लोकांचं. शिवाय लोकर कातायची, शिवणकाम करायचं, आणि जहाजाचे जुने डांबरट दोर हाताने उसवून त्यांचे धागे मोकळे करायचे. बोटांची सालटी निघायची. खायला पाव, पातळ पेज आणि सूप.

बायकांचे तीन वर्ग केलेले. पहिल्या वर्गातल्या चांगल्या वागणुकीच्या, म्हणजे बाहेर घरकामाला पाठवायला तयार असलेल्या. तिसऱ्या वर्गाला नावच ‘क्राइम क्लास’, गुन्हेगारांचा वर्ग. त्यांच्या जाकिटाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि घागऱ्याच्या मागे मोठं पिवळं ‘सी’ अक्षर शिवलेलं असायचं. लांबून कुणालाही कळलं पाहिजे. दुसऱ्या वर्गाला एकच ‘सी’, डाव्या बाहीवर.

पण खरं यंत्र भिंतीच्या आत नव्हतं. ते बाहेर होतं. या बायकांना सरकार गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घरी कामाला नेमून द्यायचं. मोलकरीण, स्वयंपाकीण, मुलं सांभाळणारी. पगार नाही. मालकाने खायला-प्यायला, कपडे आणि झोपायला जागा द्यायची. कुणाच्या घरी जायचं हे बाईने ठरवायचं नाही. घर कसंही असो, मालक कसाही असो, सोडून जायचं नाही. लग्न करायचं तरी सरकारची परवानगी लागायची.

मालकाला स्वतः शिक्षा करायची मुभा नव्हती. तो काय करायचा? तक्रार. बाईला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं आणि सांगायचं, ही उलट बोलली, हिने काम नीट केलं नाही, ही दारू प्यायली, ही न सांगता बाहेर गेली. मॅजिस्ट्रेट बहुधा मालकांच्याच वर्गातला. शिक्षा ठरलेली. कोठडीत पाव आणि पाण्यावर अमुक दिवस, किंवा फॅक्टरीच्या क्राइम क्लासमध्ये अमुक महिने. कधी डोकं भादरायचे. कधी मूळ शिक्षाच वाढवायचे. आणि महिने भरले की पुन्हा दुसऱ्या घरी. म्हणजे फॅक्टरी ही मालकांच्या पाठीशी उभी असलेली भीती होती. घरात राहणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होतं, मालकिणीचा मूड गेला की मी त्या ओल्या भिंतीच्या आत.

आणि हे सगळं लिहून ठेवलेलं आहे.

आम्हाला जागा दाखवणाऱ्या बाईंनी त्या जुन्या वह्यांच्या पानांच्या प्रती दाखवल्या. प्रत्येक कैद्याचं एक पान. नाव, जहाजाचं नाव, वय, उंची, केसांचा रंग, अंगावरच्या खुणा, मूळ गुन्हा. आणि त्याखाली, वर्षानुवर्षं, बारीक अक्षरात शेरे. तारीख, मालकाचं नाव, तक्रार, शिक्षा. ही कागदपत्रं इतकी पूर्ण आहेत की ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या नोंदी २००७ साली युनेस्कोने जगाच्या ठेव्यात घेतल्या. २०१० साली ही फॅक्टरी आणि आणखी दहा जागा मिळून जागतिक वारसाही झाल्या.

मी इंग्रजी तोडकंमोडकं वाचते. शेरे वाचत होते. उद्धटपणा. हुकूम मानला नाही. कामात हयगय. परवानगीशिवाय गैरहजर. आणि मग एक शब्द आला, तो मला कुणी वाचून दाखवायची गरज पडली नाही.

‘ॲब्स्काँडेड’.

पळून गेली.

तिथे मी थांबले. मैत्रीण पुढे गेली. तिला वाटलं मी पाय दुखतात म्हणून बसले.

हा शब्द मला इंग्रजीतून, अरबीतून, हिंदीतून, तिन्हीतून ऐकवलेला आहे. आखातात काम केलेल्या कुणालाही विचारा. सौदीत ‘हुरूब’ म्हणतात. कफील एक अर्ज करतो, अमुक माणूस कामावरून पळाला. झालं. तुमचा अकामा गेला. कालपर्यंत तुम्ही कामगार होतात, आज बेकायदा. पोलिसांनी पकडलं तर डिटेन्शन सेंटर. पगार राहिला असेल तर तो मागायला कुठल्या तोंडाने जाणार?

माझं असं झालं. मुंबईतल्या एका एजंटने सांगितलं, इस्पितळात आयाचं काम आहे, आठ तास ड्यूटी. कर्ज काढून त्याला पैसे दिले. त्याने मला व्हिजिट व्हिसावर पाठवलं. तेव्हा माझं वय तीसच्या आत होतं. भारत सरकारचा नियम आहे की ज्यांच्या पासपोर्टला इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो अशा बाईने आखातात घरकामाला जायचं तर वय तीसच्या वर पाहिजे आणि भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच व्हायला पाहिजे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एजंटला माहीत होतं. म्हणून तर व्हिजिट व्हिसा.

उतरले ती थेट एका घरात. इस्पितळ वगैरे काही नाही. पहिल्याच दिवशी पासपोर्ट मॅडमने घेतला, ‘सांभाळून ठेवते’ म्हणाली. नंतर तिथेच अकामा झाला, घरकामाचा. सकाळी पाचला उठायचं, झोपायला रात्रीचे बारा. मारलं कधी नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. जेवणही द्यायचे. पण शेवटच्या वर्षी पगार थकायला लागला. एक महिना, दोन महिने, पाच महिने. मी विचारलं की म्हणायची, पुढच्या महिन्यात. एकदा मी म्हटलं, मला दुसरीकडे काम बघू दे नाहीतर घरी पाठव. ती शांतपणे म्हणाली, दाराबाहेर पाऊल टाकलंस तर मी पळून गेल्याचा रिपोर्ट करीन.

तिला ओरडायची गरजच नव्हती. मला कळलं होतं तिच्या मागे काय उभं आहे ते.

म्हणून त्या आवारात बसल्यावर मला त्या बायका परक्या वाटल्या नाहीत. पण तुलना जपून केली पाहिजे. आपण कैदी नाही. आपल्याला कुणी बेड्या घालून विमानात बसवलं नाही. आपण पोराबाळांसाठी, घरासाठी, कर्जासाठी, आपल्या पायांनी आलो. पगार हा आपला हक्क आहे, त्यांना तर तो नव्हताच. जे त्यांच्यावर झालं ते आपल्यावर झालं असं म्हणणं त्यांच्यावरही अन्याय आहे. मी एवढंच म्हणते की एक खिळा तोच आहे. काम सोडणं हा गुन्हा ठरवला की पुढचं सगळं त्याच्यावर टांगता येतं. मग पगार बुडवता येतो, तास वाढवता येतात, सुट्टी खाता येते. मालक वाईट असायलाच पाहिजे असंही नाही. चांगल्या मालकाच्या हातातसुद्धा तो खिळा असतोच, तो फक्त वापरत नाही. आपलं आयुष्य त्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहतं.

आता पोरांचं सांगते. हे सांगायला मला जड जातं.

आवाराच्या एका भागात पाळणाघर होतं. मालकाच्या घरी कामाला असलेल्या बाईला दिवस गेले की तिला फॅक्टरीत परत पाठवायचे. बाप कोण, हे विचारून त्याला शिक्षा व्हायची नाही. कधी तो मालकच असायचा. बाळंतपण फॅक्टरीत. काही महिने मूल अंगावर पाजायचं, मग तोडायचं. आणि मूल तोडलं की आईला सहा महिने क्राइम क्लास. गुन्हा काय? आई झाली हा. दोन-तीन वर्षांचं मूल झालं की ते न्यू टाउनच्या अनाथाश्रमात. आई जिवंत असताना अनाथ.

ती ओल, ती गर्दी, वेळेआधी दूध तोडलेलं. पोरं मरायची. इतकी मरायला लागली की १८३८ साली एका मुलाच्या मृत्यूची चौकशी झाली, होबार्टच्या वर्तमानपत्रांनी झोड उठवली, आणि सरकारला पाळणाघर तिथून हलवावं लागलं. काही वर्षांनी ते याच आवारात परत आलं, १८५० साली त्याच्यासाठी वेगळा भाग बांधला. आज त्या भागात मेट्रनचं छोटं घर तेवढं उभं आहे. बाकी मोकळं मैदान, इमारती कुठे होत्या ते जमिनीवर आखून दाखवलेलं.

मी गेले तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता. सासूबाईंकडे ठेवून गेले. पहिलं वर्ष तो फोनवर यायचा, दुसऱ्या वर्षी लाजायला लागला, तिसऱ्या वर्षी मला ‘काकू’ म्हणाला. आता तो माझ्याजवळ आहे, इथल्या शाळेत जातो. तुमच्यापैकी किती जणांची मुलं आत्ता गावी आहेत? हात वर करू नका. मला माहीत आहे. एवढंच सांगते की पोरापासून लांब राहणं ही तुमची चूक नाही, आणि त्याचा हिशेब आपल्या पगाराच्या स्लिपवर कधी येत नाही.

तुम्ही म्हणाल, त्या बायका नुसत्या सोसत राहिल्या का? नाही. त्याच वह्या उलट वाचल्या तर कळतं. ‘उद्धटपणा’ म्हणजे ती बोलली. ‘कामाला नकार’ म्हणजे तिने हात थांबवला. ‘गैरहजर’ म्हणजे ती एका संध्याकाळी आपल्या मैत्रिणीकडे गेली. मालकाच्या बाजूने लिहिलेलं आहे म्हणून तो शेरा आहे. तिच्या बाजूने लिहिलं असतं तर तीच हकिकत वेगळी वाचली असती. होबार्टच्या फॅक्टरीत बायकांचा एक गटच होता, ‘फ्लॅश मॉब’ म्हणायचे त्याला. गाणी म्हणायच्या, नाचायच्या, चोरून तंबाखू आणायच्या, अधिकाऱ्यांना जुमानायच्या नाहीत. १८४० च्या दशकात सरकारला चौकशी समिती बसवावी लागली.

सिडनीजवळच्या पॅरामॅटाला अशीच फॅक्टरी होती. १८२७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे बायकांच्या पावाचं आणि साखरेचं रेशन कापलं. बायका फाटक फोडून गावात घुसल्या, दुकानांतून खायचं घेतलं. सैनिक बोलवावे लागले. ऑस्ट्रेलियातला कामगार बायकांचा पहिला उठाव म्हणून त्याचं नाव घेतात. कामगार दिन आपण १ मेला साजरा करतो तो शिकागोच्या १८८६ च्या आठवणीत. त्याच्या जवळजवळ साठ वर्षं आधी या बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या होत्या. आज त्यांचीही आठवण काढू या.

कैदी आणणं टास्मानियात १८५३ साली थांबलं. ते आपोआप नाही थांबलं. इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, त्याची कारणं सगळीच काही उदात्त नव्हती, पण थांबलं. म्हणजे नियम बदलतात. आपल्या बाबतीतही बदलत आहेत. कुवेतने २०१५ साली आणि कतारने २०१७ साली घरकामगारांसाठी वेगळे कायदे केले, त्यात आठवड्याची सुट्टी आणि कामाच्या तासांची मर्यादा आली. कतारने २०२० साली मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली, घरकामगारांनाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांच्या हक्कांचा करार केला, क्रमांक १८९. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. कागदावरचा कायदा घराच्या दारापर्यंत पोचायला वेळ लागतो हे मला कुणी सांगायला नको. पण कायदा आहे हे माहीत असलेली बाई आणि माहीत नसलेली बाई यांच्यात फरक पडतो.

माझी सुटका कशी झाली ते सांगून संपवते, कारण त्यातच माझं सांगणं आहे.

जाताना माझ्या भावाने हट्टाने पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान, व्हिसा आणि एजंटला दिलेल्या पैशांची पावती यांचे फोटो काढून स्वतःकडे ठेवले होते. मी त्याच्यावर चिडले होते, काय हा संशयीपणा म्हणून. आणि दुसरं, मी स्वतः एका छोट्या वहीत रोज लिहायचे. मराठीत. किती वाजता उठले, किती वाजता झोपले, पगार मिळाला की नाही, कुठल्या तारखेला किती. पगाराच्या हिशेबासाठी म्हणून नव्हे. बोलायला कुणी नव्हतं म्हणून. पाच महिने झाल्यावर भावाने ते फोटो आणि माझ्या वहीच्या पानांचे फोटो जोडून परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकली. दूतावासातून घरी फोन गेला. मग पुढची पत्रापत्री, हेलपाटे. तीन महिने लागले. बुडालेल्या पाचांतले दोन महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत, ते गेलेच. पण मी ‘पळून गेलेली’ झाले नाही. माझ्या कागदावर तो शेरा नाही. कारण तक्रार आधी माझी नोंदली गेली होती.

त्या फॅक्टरीतल्या बायकांची वही मालकाच्या आणि सरकारच्या हातात होती. त्यांच्या बाजूची वही नव्हती. बऱ्याच जणींना लिहिता येत नव्हतं, ज्यांना येत होतं त्यांच्या पत्रांवर नजर होती. आपल्या खिशात तर कॅमेरा आहे. तेव्हा हे करा.

पासपोर्ट, व्हिसा, करारनामा, अकामा किंवा जे ओळखपत्र असेल ते, यांचे फोटो आजच काढा. एक प्रत गावी विश्वासातल्या माणसाकडे पाठवा. नुसत्या स्वतःच्या फोनवर ठेवू नका, फोन काढून घेतला तर सगळं गेलं.

रोजची वही ठेवा. तारीख, तास, पगार. मराठीत लिहा, चालतं. दोन ओळी पुरतात.

तुम्ही कुठे राहता तो पत्ता घरच्यांना ठाऊक असू द्या. नुसतं ‘दुबईला’ किंवा ‘मस्कतला’ नको. इमारत, रस्ता, मालकाचं नाव.

काम सोडायची वेळ आली तर जमल्यास आधी दूतावासाला आणि तिथल्या कामगार खात्याला कळवा, आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. पण जिवाला धोका असेल, मारहाण होत असेल, अंगाला हात लागत असेल, तर आधी बाहेर पडा. कागद नंतर.

आणि इथे ऑस्ट्रेलियात असलेल्यांसाठी. पगार झाला की एका कामाच्या दिवसाच्या आत पेस्लिप मिळाली पाहिजे, हा कायदा आहे. रोख हातात देऊन ‘स्लिप नंतर बघू’ म्हणणाऱ्याला विचारा. १ जुलै २०२४ पासून तुमच्या व्हिसाची भीती दाखवून तुम्हाला नियमाविरुद्ध राबवणं हा मालकाचा गुन्हा आहे. मुद्दाम कमी पगार देणं हा १ जानेवारी २०२५ पासून फौजदारी गुन्हा झालाय. ज्यांना मालकाने स्पॉन्सर केलंय त्यांना नोकरी सुटली तर नवी शोधायला आता एका वेळी १८० दिवस मिळतात, आधी साठच होते. फेअर वर्क ऑम्बुड्समनकडे विचारायला पैसे लागत नाहीत आणि दुभाषा मागता येतो. चेरी तोडणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या सगळ्या पोरांना हे सांगा.

परत येताना आम्ही बंदरावरून आलो. तिथे या बायकांचे आणि एका मुलाचे ब्राँझचे पुतळे आहेत, जहाजातून नुकत्या उतरलेल्या. २०१७ साली बसवले. त्या फॅक्टरीच्या आठवणीत एका कलाकार बाईने आणखी एक काम सुरू केलं होतं. जगभरच्या लोकांकडून कापडाच्या टोप्या शिवून घ्यायच्या, ऑस्ट्रेलियात आणलेल्या प्रत्येक बाईसाठी एक, आणि प्रत्येक टोपीवर त्या बाईचं आणि तिच्या जहाजाचं नाव भरायचं. पंचवीस हजारांच्या वर नावं. कितीतरी घरांतल्या बायकांनी संध्याकाळी बसून त्या शिवल्या. शेरा पुसता येत नाही, पण नाव तरी चांगल्या अक्षरात लिहिता येतं.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी परत तिथे जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी मला सांगा, सगळे मिळून जाऊ. ओढ्याच्या काठाने पायवाट आहे, गप्पा मारत चालत जाता येतं. जॅकेट घेऊन या, ऊन असलं तरी. आणि येताना प्रत्येकाने एक छोटी वही आणा. ज्यांच्याकडे नसेल त्यांच्यासाठी मी चार-पाच आणीन. पहिलं पान तिथेच भिंतीपाशी बसून लिहू या, आपापल्या हाताने.

जय महाराष्ट्र. सगळ्यांना कामगार दिनाच्या शुभेच्छा.